कमळाच्या रंगातली राख

मेंग लीफेन दारात येऊन उभी राहिली, तीही हातात खारवलेलं अख्खं बदक घेऊन, तेव्हा यिन शूलानच्या मनात पहिला विचार आला तो हा, की ही बया मरायला टेकली असणार. त्याशिवाय ती या गल्लीत पाऊल टाकायची नाही. दुसरा विचार आला तो असा, की खरंच टेकली असेल तर फार बरं झालं.

शूलान उंबऱ्यात बसून सोयाबीनच्या हिरव्या शेंगा सोलत होती. ती उठली नाही.

"शूलानताई, ओळखलंस का?"

"माणूस विसरता येतं. गळू नाही विसरता येत."

लीफेन हसली. तिला पूर्वीपासून हसता येत असे, कोणी तोंडावर थुंकलं तरी. अंगात रेशमी जाकीट, केस ताजे रंगवलेले, छातीवर मखमली फूल. तेच फूल नानजिंगच्या निम्म्या बसथांब्यांवर तिच्या फोटोसकट चिकटवलेलं होतं. तिनं पुढे पाऊल टाकलं आणि पायरीला अडखळली. पायरी काही आजची नव्हती आणि लपूनही बसली नव्हती. शूलाननं ते पाहिलं आणि एक शेंग जास्तच जोरात फोडली.

"बदक कुठल्या दुकानातलं आहे ते तरी विचार!" आतून दू ओरडला. दू म्हणजे शूलानचा नवरा. आयुष्यभर शहराची बस चालवली, आता पिंजऱ्यातल्या चंडोलाला बोलायला शिकवत होता. चंडोल शिकत नव्हता आणि दू गप्प बसत नव्हता.

लीफेन न विचारताच बाकड्यावर बसली. या दोघी तरुणपणी एकाच टेबलावर काम करायच्या, हे आता गल्लीत कोणाला सांगूनही पटलं नसतं.

शहराच्या दक्षिणेला फुलांचा कारखाना होता. रेशमाचे धुतलेले, रंगवलेले तंतू चौकटीवर शेजारी शेजारी लावायचे, केसाळ ब्रशनं विंचरायचे, तांब्याची मऊ तार खालून-वरून घालून पिळायची आणि कात्रीनं कापायची, की मऊ मखमली वाती तयार. त्या वातींना चिमट्यानं वळण दिलं की फूल. नवरीच्या केसांत लाल, म्हातारीच्या केसांत जांभळं, सणाला पोरीबाळींच्या वेणीत काहीही. कारखान्यात फुलं वळणारे हात पुष्कळ होते. रंग लावणारे डोळे थोडे. उत्तरेच्या खिडकीपाशी, जिथे दिवसभर उजेड फसवत नाही, तिथे रंगाचं टेबल होतं, आणि त्यावर शूलान बसायची. शेजारी लीफेन.

त्या काळात गुलाबीतून हिरव्यात कोणालाच जाता येत नसे. शुआनवू तळ्यातलं कमळ पाकळीच्या टोकाला गुलाबी असतं आणि देठाकडे हिरवं होत जातं. डोळ्याला कुठेच सांधा दिसत नाही. रेशमात मात्र गुलाबी आणि हिरवा म्हणजे एका चुलीवरच्या दोन जावा. वेगवेगळ्या असल्या की गोड, जवळ आणल्या की सगळा गढूळ कारभार. म्हणून सगळे कारागीर मध्ये पांढरा घालायचे. मग पाकळीवर दुधाची साय धरल्यासारखी रेघ उमटायची, आणि लोक म्हणायचे, चालतं, कमळ असंच असतं. कमळ असं नसतं. शूलानला त्या रेघेचा राग यायचा.

एकदा रंगाची भांडी रिकामी करताना तिनं गुलाबीचं उरलेलं पाणी हिरव्याच्या उरलेल्या पाण्यात ओतलं. पाणी राखेसारखं झालं. फेकायचं म्हणून फेकणारच होती, पण हात थांबला. तिनं एक लडी त्यात बुडवली. वाळल्यावर ती चुलीतल्या राखेसारखी दिसली, मेलेली, कोणाच्या घरात न शोभणारी. पण गुलाबी आणि हिरव्याच्या मध्ये तिची चिमूटभर विंचरली, की ती नाहीशी व्हायची. दोन्ही रंगांच्या पोटची ना ती! पाकळी टोकापासून देठापर्यंत एका श्वासात उतरायची. शूलान त्या दिवशी टेबलाशी बसून रडली होती. आनंदानं रडणं काय असतं ते तिला तेव्हा कळलं, आणि पुढे कधी त्याची गरज पडली नाही.

मग तिला मुलगा झाला. बाळंतिणीनं महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, थंड पाण्याला हात लावायचा नाही, वाऱ्यात उभं राहायचं नाही. ती महिनाभर घरात बसून डुकराच्या पायाचं सार पीत राहिली आणि तिकडे तिचं कमळ लीफेनच्या नावावर प्रदर्शनाला गेलं. परत आली तेव्हा भिंतीवर बक्षिसाचं लाल कापड होतं आणि त्यावर लीफेनचं नाव.

शूलान फोरमन हाओकडे गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या तिनं त्या दिवशी ऐकल्या. लीफेननं फोरमनला सगळ्या बायकांसमोर शूलानच्या टेबलाशी आणलं, खण ओढला आणि राखाडी लडी हातात धरून वर नाचवली.

"पाहा! नवरीच्या फुलांत ही राख घालते! चितेचा रंग घालते लग्नाच्या मालात! बाळंतपणात हिच्या डोळ्यांतला रंग गेलाय, हाओसाहेब. कमळ हिचं असतं तर त्यात राख दिसली नसती का?"

आणि तिनं ती लडी शेगडीत टाकली. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. तो वास शूलानच्या नाकात तेव्हापासून बसला तो बसलाच.

ती तेव्हाच बोलली असती, की अगं मूर्ख बाई, तुझ्या हातात होती तीच तर किल्ली. पण ते सांगितलं असतं तर तेही लीफेनच्याच घशात गेलं असतं. म्हणून तिनं ओठ शिवले. फोरमननं तिला रंगावरून उठवलं आणि रेशीम उकळण्याच्या भट्टीवर धाडलं. कारखाना बंद पडेपर्यंत ती तिथे सोड्याच्या वाफेत उभी राहिली. नाव पडलं राखवाली. गल्लीतल्या सासवा नवरीच्या सामानाला तिचा हात लागू देत नसत. स्वतःच्या मुलाच्या लग्नात व्याह्यांनी फुलं बाजारातून आणली आणि गोड बोलून सांगितलं, "विहीणबाई, तुम्ही कशाला त्रास घेता?" त्या रात्री शूलान जेवली नाही. मुलाला कारण कळलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. लीफेनला मात्र तिनं त्या रात्री मनातल्या मनात पुरलं, वर माती लोटली आणि पायानं दाबली.

आणि आता ती बाकड्यावर बसून सोयाबीनच्या शेंगा चाचपत होती.

"डोळे गेले, ताई," लीफेन हळूच म्हणाली. "सगळे नाही. माणसं दिसतात. पण रंग एकमेकांत वाहून जातात. डॉक्टर म्हणतात मागचा पडदा झिजला, आता जे गेलं ते गेलं. वान्यूशिवाय कोणाला माहीत नाही." वान्यू तिची सून.

"मग माझ्याकडे कशाला आलीस? मी काय डोळे विकते?"

"प्रांताची परीक्षा आहे. मोठी पदवी. त्यांना नवं कमळ हवंय, कायमचं काचेत ठेवायला. आणि समितीसमोर एक चौकट लावून दाखवायची. चौकट मी लावीन, वान्यू लड्यांना गाठी मारून देते, बोटांना कळतं कुठली कुठली ते. पण काचेतलं कमळ..." ती थांबली. "तुझ्याशिवाय ते कोणाला जमणार?"

"म्हणजे कमळ माझं होतं, हे तुला ठाऊक आहे तर."

"जुनी मढी कशाला उकरायची आता? दोघी म्हाताऱ्या झालो." मग तिनं मान पुढे काढली आणि आवाज बदलला. तो आवाज शूलाननं पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्यात खरी भूक होती. "एवढं एक सांग, ताई. तुझ्या पहिल्या कमळात साय नव्हती. मी इतकी वर्षं पांढऱ्याचे सगळे प्रकार करून पाहिले. मोत्याचा, तांदळाचा, चंद्राचा. रेघ जात नाही. तू काय घालायचीस?"

शूलानचं काळीज गार झालं, चांगल्या अर्थानं. म्हणजे हिला झोप लागत नाही तर. भिंतीवर लाल कापडं, बसथांब्यावर तोंड, आणि रोज रात्री ती रेघ.

"वाती देईन," ती म्हणाली. "त्यात काय आहे ते विचारायचं नाही. मी दिल्या हे कोणाला सांगायचं नाही. बदक ठेवून जा."

लीफेन गेल्यावर दू पिंजरा हातात घेऊन बाहेर आला.

"डोकं फिरलं का तुझं? त्या बाईनं केसानं गळा कापला तुझा, आणि तू तिला वाती देणार?"

"देणार. अशा देणार की बघणाऱ्याची टोपी पडेल."

"बिघडवून दे! गुलाबीत शेण घाल!"

"तुम्हाला बसशिवाय काही कळत नाही," शूलान म्हणाली. "बिघडवून दिलं तर लोक म्हणतील, म्हातारी झाली बिचारी, हात थरथरला. बिचारी! तिला कोणी बिचारी म्हणायचं नाही. मी तिला माझं कमळ देणार, साय नसलेलं. ते काचेत बसेल, आणि मग ती त्याच लोकांसमोर स्वतःच्या हातानं चौकट लावेल. पांढऱ्याची. त्या वेळी मी मागच्या बाकावर असेन."

दूनं पिंजरा खाली ठेवला. त्याच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती.

"आणि मग?"

"मग मी उठेन."

तिनं मागच्या अंगणात दोन भांडी मांडली. गुलाबी तिनं पातळच ठेवला, कारण गडद गुलाबी नाचाच्या पोरीसारखा मागे राहायला तयार होत नाही. हिरव्यात थेंबभर पिवळा घातला, देठाजवळच्या कोवळेपणासाठी. लड्या बुडवल्या, पिळल्या, सावलीत वाळवल्या. दोन्ही भांड्यांतलं उरलेलं पाणी एका मडक्यात एकत्र ओतलं आणि ती नेहमीची, कुरूप, तिची स्वतःची राख तयार झाली. त्यात तिनं शेवटची लडी सोडली. मग उत्तरेच्या खिडकीपाशी चौकट मांडून बसली. गुलाबी, त्यात थोडा कमी गुलाबी विंचरून, त्यात आणखी कमी. दुसऱ्या टोकाकडून हिरवा येत गेला. मध्ये बोटभर जागा उरली. तिथे तिनं राखेची चिमूट लावली आणि ब्रश फिरवला. राख दोन्हीकडे पसरली आणि नाहीशी झाली. शूलाननं तार पिळली. हातांना काहीच विसर पडला नव्हता. तिला वाटलं होतं, या वेळी पुन्हा रडू येईल. आलं नाही. दात मात्र इतके आवळले गेले होते की रात्री जबडा दुखला.

वाती न्यायला वान्यू आली. लांब बोटांची, जरा घाबरट पोर. डबा उघडल्यावर तिनं एक वात उचलली, खिडकीकडे नेली, उलटी केली, परत सुलटी केली.

"मावशी, सांधा कुठाय?"

"शोध की."

"आईंच्या कमळात तर... मावशी, हे तुम्ही मला..."

"तुझ्या सासूला विचार, तिला सगळं येतं."

"त्या मला रंगाला हात लावू देत नाहीत," वान्यू म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाली. "वळायचं काम माझं. त्या म्हणतात, सुनेच्या हातात रंग दिला की घराची किल्ली दिली."

शूलाननं तिला अर्धी वाटी चहासुद्धा विचारला नाही. पण ती गेल्यावर बराच वेळ तिच्या बोटांचा विचार करत राहिली. रंगाला तशी बोटं लागतात.

परीक्षेचा दिवस उजाडला तो स्वच्छ. प्राजक्तासारखा गोड वासाचा गुइहुआ गल्लोगल्ली फुलला होता. जुन्या व्यापाऱ्याच्या वाड्यात आता कलाघर होतं, त्याच्या दिवाणखान्यात उत्तरेच्या जाळीतून उजेड येत होता. शूलान मागच्या बाकावर जाऊन बसली. कापडी पिशवीत तिच्या सगळ्या लड्या, स्वतःचा ब्रश, आणि तळाशी राख. पुढच्या ओळींत कारखान्यातल्या जुन्या बायका होत्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

"राखवाली आली गं!"

"येऊ दे. इथे काय कुणाचं लग्न आहे?"

दोघी हसल्या. शूलाननं ऐकलं. आज ऐकायला बरं वाटलं. हसा, ती मनात म्हणाली, पोटभर हसून घ्या.

मधल्या टेबलावर कमळ ठेवलं होतं. वान्यूनं ते फार सुरेख वळलं होतं, उमलायच्या बेतात असलेलं, एक पाकळी अजून घडी न सुटलेली. समितीचे प्रमुख परीक्षक, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ, भिंग घेऊन त्यावर वाकले ते वाकलेच. मग सरळ होऊन म्हणाले, "मेंगबाई, तुमच्या जुन्या कमळांत मध्ये एक पांढरी रेघ असे. ती इथे नाही."

"वय वाढलं, हात सुधारला," लीफेन म्हणाली. हॉलमध्ये हशा पिकला.

"मग दाखवाच. आम्ही सगळे त्यासाठीच आलोय."

लीफेन चौकटीपाशी बसली. तिची बोटं गाठी चाचपत लडीमागून लडी लावू लागली. काम स्वच्छ होतं, खोटं कशाला बोला. आयुष्यभर तेच केलं होतं तिनं. गुलाबी, मग पांढरा, मग हिरवा. तार पिळली, कात्री चालवली, वात परीक्षकांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती कमळाच्या पाकळीला लावून धरली. लांबूनही दिसलं. वातीवर साय होती.

"ही वात आणि हे कमळ एका हाताचं नाही," परीक्षक म्हणाले. ते रागावले नव्हते, नुसतं सांगत होते, आणि म्हणून ते अधिकच वाईट लागलं.

शूलानचे पाय उठण्यासाठी ताणले गेले. आता. आता उठायचं.

तेवढ्यात लीफेन स्वतःच उठली. तिनं रुमाल डोळ्यांना लावला.

"खरं आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेमका हवा तिथे कापला. "माझे डोळे गेलेत. रंग मला दिसत नाहीत. हे मी लपवलं, कारण या कलेशिवाय माझं दुसरं काही नाही. हे कमळ माझ्या जुन्या मैत्रिणीनं, माझ्या ताईनं, माझ्यासाठी केलं. मी आंधळी झाले तेव्हा ती माझे डोळे झाली. ती इथेच बसलीय. वान्यू, शूलानताईला पुढे आण."

टाळ्या! अशा टाळ्या, की छपराची कौलं हलावीत. पुढच्या ओळीतल्या बायका रडायला लागल्या. कोणीतरी फोन वर धरून चित्रण सुरू केलं. शूलान बाकावर बसल्या जागी पेटली. हिनं माझं कमळ चोरलं, माझं टेबल चोरलं, आणि आता स्वतःची फजितीही बाजारात नेऊन विकली, वर मला तिच्या पदराला बांधलं! मी काय हिची दासी, उपकार करायला आलेली? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. तिला वाटलं, सरळ दारातून निघून जावं. पण निघून गेलं तर तेच म्हणणार, राखवालीला चौकट लावता येत नाही, तोंड लपवून पळाली.

वान्यू तिच्यापाशी येऊन उभी होती. शूलान उठली आणि पिशवी घेऊन पुढे गेली.

लीफेननं तिचं मनगट धरलं आणि हसऱ्या तोंडानं, ओठ न हलवता कुजबुजली, "झालं ना तुझं नाव? आता गोड मानून घे."

शूलाननं मनगट सोडवलं. ती चौकटीसमोर बसली आणि लीफेनच्या सगळ्या लड्या काढून बाजूला ठेवल्या, जेवून उठल्यावर पानं उचलावीत तशा. स्वतःच्या लावल्या. जाळीतला उजेड नेमका होता. तिनं घाई केली नाही. गुलाबी विंचरत विंचरत फिका केला. पलीकडून हिरवा आणला. मध्ये बोटभर जागा ठेवली, आणि तिथे हात थांबवला.

लीफेन शेजारीच उभी होती. तिचं हसू उतरलं होतं. ती चौकटीवर वाकली, आणखी वाकली, नाक रेशमाला लागेल इतकी. तिला काही दिसत नव्हतं, आणि ज्यावर ती इतकी वर्षं टपली होती ते नेमकं आता व्हायचं होतं.

शूलाननं पिशवीच्या तळातून लडी काढली. हॉलमधल्या शेवटच्या माणसालाही दिसावी अशी उंच धरली. पुढच्या ओळीत एका बाईनं तोंडावर हात नेला. दुसरी अर्धवट उठली. कारखान्यातल्या शेगडीपाशी या दोघी उभ्या होत्या तेव्हा. त्यांनाही तो वास आला होता.

"काय घातलंस?" लीफेननं विचारलं. हळू नाही, चारचौघांत विचारलं. "ताई, काय घातलंस?"

शूलाननं चिमूट लावली आणि ब्रश फिरवला. राख नाहीशी झाली. परीक्षक नकळत तिच्या खांद्यावर झुकले होते, ते "अरे!" म्हणाले, एवढंच.

"वान्यू!" लीफेननं सुनेचा दंड पकडला. "कुठला रंग लावला हिनं? मोत्याचा? नीट बघ, मोत्याचाच असणार."

वान्यूला शेगडीचं काही माहीत नव्हतं. तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तिनं जे दिसलं ते सांगितलं, सासूला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं.

"नाही आई. राखाडी. चुलीतल्या राखेसारखी आहे लडी."

"राखाडी?"

"राखाडीच. मावशींनी लावली आणि ती दिसेनाशी झाली."

लीफेनचा हात हवेत चाचपडत पुढे आला आणि उरलेली लडी सापडली. तिनं ती बोटांत घेतली, अंगठ्यानं चोळली. तिचं तोंड उघडं राहिलं. रडण्याचं सोंग तिला उत्तम जमायचं, पण हे सोंग नव्हतं, आणि हे कोणी चित्रित करू नये असं होतं. आपला मुलगा पाण्यात बुडाला असं कळल्यावर माणसाचं तोंड असं होतं.

"माझ्या हातात होती," ती म्हणाली. "हीच. मी हातात धरली होती. मी स्वतः शेगडीत..."

"होय," शूलान म्हणाली. तिनं तार घातली आणि पिळायला सुरुवात केली. "सगळ्यांसमोर धरली होतीस. चितेचा रंग म्हणालीस. या बायका होत्या तिथे."

कोणी टाळी वाजवली नाही. पुढच्या ओळीतली ती बाई, जी मघाशी ढोसत होती, ती मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत बसली.

"तू सांगितलं असतंस तर!" लीफेन किंचाळली. "एकदा तरी बोलली असतीस! इतकी वर्षं मी..."

"सांगितलं असतं तर तीही तू चोरली असतीस. आणि तुझी कमळं चांगली झाली असती." शूलाननं वात कापली, उजेडात धरली आणि परीक्षकांच्या हातात ठेवली. "ती झाली नाहीत, ते बरं झालं."

परीक्षकांनी वात पाकळीला लावली. बघायची गरज नव्हती. त्यांनी आपल्या मदतनिसाला कमळापुढच्या पाटीवरचं नाव पुसायला सांगितलं आणि शूलानला तिचं पूर्ण नाव विचारलं. तिनं सांगितलं. ते मोठ्यानं उच्चारलं गेलं तेव्हा तिला वाटलं होतं तसं काही भरून आलं नाही. गोड मात्र वाटलं. म्हणतात ना, सूड घेतला की तोंड कडू होतं? खोटं म्हणतात. शूलानचं तोंड गोड झालं होतं, आणि तिला आणखी हवं होतं.

लीफेन खुर्चीत बसली होती, लडी मुठीत धरून. वान्यू तिच्या मागे उभी होती, पण बघत होती चौकटीकडे. तीवर अजून बरंच रेशीम शिल्लक होतं, तार न घातलेलं. पोरीची बोटं स्वतःच्याच बाहीवर हलत होती, विंचरल्यासारखी.

"तुझ्या बोटांना काय झालंय?" शूलाननं विचारलं.

वान्यू दचकली. "काही नाही, मावशी."

"ब्रश धर. इथपासून गुलाबी कमी करत ये. उद्यापासून सकाळी माझ्या घरी यायचं, उजेड पडला की. एकटीनं."

लीफेननं मान वर केली. तिला चेहरे दिसत होते, सुनेचा तर नक्कीच दिसत होता, कारण तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता. "वान्यू," ती म्हणाली. "वान्यू, घरी चल."

वान्यूनं एकदा सासूकडे पाहिलं. मग तिनं चौकटीजवळ स्टूल ओढलं आणि ब्रश हातात घेतला.

"आई, तुम्ही रिक्षानं पुढे व्हा," ती म्हणाली. "मी येते मागून."